वहिवाटीचे डोंगर

इंग्लंडमधलं सर्वांत उंच शिखर म्हणजे स्काफेल पाइक. त्याची उंची ९७८ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरांवर आहे आणि रविवारी सकाळी पुणेकर ज्या सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जातात, त्याचा माथाही १,३०० मीटरांच्या वर आहे. सह्याद्रीत पायपीट केलेल्या माणसाला इंग्लंडचे डोंगर नकाशावर टेकड्यांसारखेच दिसतात. तरीही लहान मुलांना घेऊन डोंगरात चालायचं असेल, तर इतका सोयीचा मुलूख जगात फार थोडा असेल, असं मी खात्रीने म्हणेन. उंची कमी असणं हे त्याचं एक कारण. दुसरं, आणि माझ्या मते खरं कारण, तिथली पायवाट. ती कायद्याने सांभाळलेली आहे, नकाशावर आखलेली आहे आणि काही ठिकाणी तर भांडून मिळवलेली आहे.

इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा सार्वजनिक वाटांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरते. त्यातल्या बऱ्याचशा खासगी जमिनीतून जातात. कुणाच्या गव्हाच्या शेतातून, कुणाच्या मेंढ्यांच्या कुरणातून, कधी तर थेट कुणाच्या अंगणातून. जमीन शेतकऱ्याची, पण तिच्यावरून चालत जायचा हक्क सगळ्यांचा. एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा, हक्काने ये-जा करत असतील तर ती सार्वजनिक वाट मानली जाते, अशी तरतूद १९८० च्या तिथल्या महामार्ग कायद्यात आहे. वहिवाट आपल्यालाही अनोळखी नाही. आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही मुदत वीस वर्षांचीच आहे. पण आपल्याकडे वहिवाटीचा दावा बहुधा दोन शेजाऱ्यांमध्ये चालतो, तिकडे तो चालणाऱ्या प्रत्येकाचा असतो. गावात कधीही पाय न ठेवलेल्या, मुंबईहून आलेल्या पाहुण्याचाही.

या वाटांची नोंद स्थानिक प्रशासनाच्या अधिकृत नकाशावर असते आणि ती नोंद न्यायालयात पुरावा म्हणून चालते. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकरी नांगरू शकतो, मात्र पेरणीपूर्व मशागतीसाठी ती मोडली तर सर्वसाधारणपणे चौदा दिवसांत त्याला ती पुन्हा करून द्यावी लागते, आणि तीही निदान एक मीटर रुंद. म्हणून जूनमध्ये कमरेएवढ्या गव्हातून एक सरळ पट्टी मोकळी सोडलेली दिसते. मोठ्यांच्या कमरेएवढा गहू सहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यापर्यंत येतो. त्याच्यासाठी ती पट्टी जवळजवळ बोगदाच.

वाट चुकू नये म्हणून खांबांवर, फाटकांवर छोटे बाण लावलेले असतात. पिवळा बाण फक्त पायी चालणाऱ्यांचा, निळा बाण घोडेस्वार आणि सायकलवाल्यांसाठीही. मुलांना डोंगरात रमवायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही: पुढचा पिवळा बाण शोधायचं काम त्यांच्याकडे सोपवायचं. मागे फरफटत येणारं मूल एकदम सगळ्यांच्या पुढे चालायला लागतं.

ही व्यवस्था मात्र आपोआप आली नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला संसदेने एकामागून एक कायदे करून गावांची सामाईक कुरणं खासगी मालकीत दिली. डोंगरउतारांवर मैलोन्‌मैल धावणारे जे दगडी गडगे आज इंग्लंडच्या प्रत्येक चित्रात दिसतात, त्यातले पुष्कळसे त्या काळात घातले गेले. चुना नाही, माती नाही. कोकणातल्या गडग्यासारखे नुसते दगडावर दगड. दोन बाजूंच्या दोन भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकतात, मधली पोकळी बारीक दगडांनी भरलेली असते आणि ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड दोन्ही भिंतींना बांधून ठेवतो. काम अतिशय देखणं आहे. पण ज्यांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या त्या कुरणांवर चरत होती, त्यांच्यासाठी ते कुंपणच होतं.

पुढे मँचेस्टर आणि शेफील्ड ही कारखान्यांची शहरं फुगली. आठवडाभर गिरणीत किंवा कारखान्यात राबणाऱ्या माणसाला रविवारी मोकळी हवा हवी असे आणि दोन्ही शहरांच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्टचा डोंगराळ प्रदेश पसरलेला होता. त्यातलं किंडर स्काउट हे ६३६ मीटर उंचीचं विस्तीर्ण पठार मात्र ग्राउस नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी जमीनदारांनी राखून ठेवलेलं होतं. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे माणसं हेफील्ड गावाकडून त्या पठारावर चालून गेली. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन हा मँचेस्टरचा, जेमतेम विशीतला तरुण. वर राखणदारांशी झटापट झाली, खाली उतरल्यावर अटका झाल्या आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांपर्यंतचे तुरुंगवास झाले. रविवारी डोंगरावर फिरायला गेलेल्या कामगारांना इतकी कडक शिक्षा झालेली पाहून लोकमत खवळलं.

१९४९ मध्ये संसदेने राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागातल्या प्रवेशाचा कायदा केला. १९५१ मध्ये पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं ते याच पीक डिस्ट्रिक्टचं. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटलं की डोळ्यांपुढे वाघ, वनखातं आणि प्रवेशशुल्क येतं. इंग्लंडमधली राष्ट्रीय उद्यानं तशी नाहीत. त्यांच्यात गावं आहेत, शेतं आहेत, शाळा आहेत आणि बहुतेक जमीन खासगी मालकीचीच आहे. आत जायला तिकीट नाही, फाटक नाही. २००० च्या आणखी एका कायद्याने डोंगरमाथे, माळरानं आणि हेदर नावाच्या झुडपांची पठारं अशा मोकळ्या जमिनीवर वाट सोडूनही हिंडायची मुभा मिळाली. २००२ मध्ये किंडरच्या घटनेला सत्तर वर्षं झाली तेव्हा डेव्हनशरच्या ड्यूकनी, तिथले जमीनदार असलेल्या आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल, जाहीर माफी मागितली. हे सगळं मी मुद्दाम विस्ताराने सांगतो आहे. तिथे मुलांना घेऊन चालणाऱ्याने ही हकीकत त्यांना वाटेत जरूर सांगावी. पायाखालची वाट कुणीतरी आपल्यासाठी तुरुंगात जाऊन मोकळी केली आहे, हे दहा वर्षांच्या मुलाला पक्कं समजतं.

आता नकाशाकडे. ऑर्डनन्स सर्व्हे ही तिथली सरकारी नकाशा संस्था १७९१ पासून काम करते आहे. तिच्या नकाशांपैकी चालणाऱ्यांनी घ्यावा तो केशरी मुखपृष्ठाचा ‘एक्स्प्लोरर’. त्यात जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटरांचा होतो. सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. शेताचं प्रत्येक कुंपण, प्रत्येक गडगा त्यात उमटलेला असतो, त्यामुळे आपण कितव्या शेतात आहोत हे मोजून सांगता येतं. फोनवरचे नकाशे चांगलेच आहेत, पण डोंगराच्या खळग्यात नेटवर्क जातं आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते. शिवाय कागदी नकाशा गवतावर पसरून चार डोकी एकदम त्यात खुपसता येतात. समोच्च रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा आणि लांब असल्या की सौम्य, एवढं एक कळलं की मूल स्वतःच सांगायला लागतं, ‘इथून नको, तिथून जाऊ.’

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला नियम आजही वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे सहा किलोमीटरची आणि तीनशे मीटर चढाची वाट एक तास बेचाळीस मिनिटांची. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. त्यात मेंढीचं पिल्लू दिसल्यावर थांबणं नाही, ओढ्यात दगड टाकणं नाही, सुटलेली बुटाची नाडी नाही. बरोबर पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर सरळ दुप्पट वेळ धरावा.

वाटेतली फाटकं आणि कुंपणं हा मुलांच्या दृष्टीने सहलीचा अर्धा आनंद असतो. कुंपण ओलांडायला जी पायऱ्यांची रचना असते तिला तिथे स्टाइल म्हणतात. कुठे गडग्यातून बाहेर काढलेले दगडच पायऱ्यांचं काम करतात, कुठे लाकडी शिडी एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरायची असते, तर कुठे दोन उभ्या दगडांत इतकीच फट ठेवलेली असते की माणसाचा पाय जावा आणि मेंढी अडावी. मूल त्यातून सहज जातं. पाठीवर मोठी सॅक असलेल्या वडिलांना आडवं व्हावं लागतं. फाटकाचा नियम एकच: जसं सापडलं तसं ठेवायचं. बंद होतं तर मागे बंद करायचं, आणि उघडं बांधून ठेवलेलं असेल तर उघडंच राहू द्यायचं. गुरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून शेतकऱ्याने ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं.

पहिल्याच खेपेला कुठे जावं असं कुणी विचारलं तर मी मॅम टॉरचं नाव घेईन. पीक डिस्ट्रिक्टमधल्या कॅसलटन गावाच्या डोक्यावरचा हा ५१७ मीटर उंचीचा डोंगर. गाडी घेऊन गेलात तर माथ्याजवळच्या खिंडीपर्यंत रस्ता आहे, आणि तिथून वर जायला फरसबंद वाट आणि पायऱ्या आहेत. चढ शंभर मीटरांच्या आसपास, म्हणजे लहान मुलांनाही अर्ध्या तासात जमणारा. माथ्यावर भन्नाट वारा असतो. एका बाजूला एडेलचं खोरं आणि त्यापलीकडे किंडरचं पठार, दुसऱ्या बाजूला होपचं खोरं.

पण मॅम टॉर मला आवडतो तो त्याच्या पोटात चाललेल्या घडामोडींमुळे. या डोंगरात वालुकाश्म आणि शेल यांचे थर आहेत. शेल म्हणजे चिखलापासून बनलेला, पापुद्रे सुटणारा खडक. पाणी मुरलं की तो ढिला पडतो. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी डोंगराची पूर्वेची बाजू खचली आणि ती घसरण अजून थांबलेली नाही. तिथले लोक त्याला थरथरता डोंगर म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या घसरत्या उतारावरूनच रस्ता काढला गेला. पुढे तो दर काही वर्षांनी तुटायचा, दुरुस्त व्हायचा, पुन्हा तुटायचा. १९७९ मध्ये प्रशासनाने हात टेकले आणि रस्ता वाहतुकीला कायमचा बंद केला. आज तो तुटका रस्ता चालत पाहता येतो. डांबराचे जाडजूड थर उलथलेले, मधली पांढरी रेघ एका जागी तुटून खालच्या पातळीवर पुढे सुरू झालेली. दरड कोसळणं म्हणजे काय, हे आपल्याकडे दुर्दैवाने बातम्यांतून कळतं. इथे ते मुलांना सुरक्षितपणे, हाताने चाचपून समजून घेता येतं.

माथ्याभोवती मातीच्या तटाची वर्तुळं दिसतात. तो लोहयुगीन किल्ला आहे आणि त्याच्या आत गोल झोपड्यांसाठी उतारात खोदून सपाट केलेल्या जागा सापडल्या आहेत. त्यांतली वस्ती ब्राँझ युगापर्यंत मागे जाते. माथ्यावरून निघालेली धार पूर्वेकडे लूज हिलपर्यंत जाते. ती पूर्ण चालायची गरज नाही. मध्ये हॉलिन्स क्रॉस नावाची खिंड लागते, तिथून एका बाजूला कॅसलटनला आणि दुसऱ्या बाजूला एडेलला उतरता येतं. एडेलमध्ये चर्च नव्हतं तेव्हा गावातले लोक मृतांना खांद्यावर घेऊन हीच खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात नेत; पुढच्या काळात कॅसलटनचे कामगार याच वाटेने एडेलच्या कापडगिरणीत कामाला जात.

बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची बरोबर असेल तर माथ्यांचा हट्ट सोडावा आणि पीक डिस्ट्रिक्टमधल्याच मॉन्सल ट्रेलला जावं. १९६८ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची ही सपाट वाट साडेतेरा किलोमीटरच्या पुढे जाते. २०११ मध्ये तिच्यावरचे जुने बोगदे दिवे लावून खुले केले गेले, आणि वाय नदीवरच्या हेडस्टोन पुलावरून दरी फार सुरेख दिसते. एकोणिसाव्या शतकात हा मार्ग बांधला गेला तेव्हा लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किनने या दरीचा नाश झाला म्हणून कडाडून टीका केली होती; आज त्याच पुलाची छायाचित्रं काढायला लोक येतात. भारतातून मुलाकडे, मुलीकडे उन्हाळ्यात राहायला आलेल्या आजी-आजोबांसाठी यासारखी वाट नाही. गुडघे कुरकुरले तर कुठूनही मागे वळावं. लेक डिस्ट्रिक्ट या आणखी एका राष्ट्रीय उद्यानात आणि पीकमध्येही ‘माइल्स विदाउट स्टाइल्स’ या नावाने अशा पायऱ्या नसलेल्या वाटा निवडून जाहीर केलेल्या आहेत. लेक डिस्ट्रिक्टमधल्या टार्न हाउजच्या तळ्याभोवतीची फेरी त्यातलीच.

पीक डिस्ट्रिक्टमधल्या डोव्हडेल इथे चुनखडीच्या घळीतून वाहणारी डोव्ह नदी मोठ्या दगडांवर पाय टाकत ओलांडायची असते. मुलं ती चार-चारदा ओलांडतात. तिथल्या पायऱ्यांच्या चुनखडीत समुद्री जिवांचे जीवाश्म दिसतात, कारण तीस-पस्तीस कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. एक खबरदारी मात्र हवीच. असंख्य पावलांनी घासलेली चुनखडी पावसात साबणासारखी निसरडी होते.

लेक डिस्ट्रिक्टमधला कॅटबेल्स हा ४५१ मीटरांचा डोंगर सगळ्या मार्गदर्शिका कुटुंबांसाठी सुचवतात. बिअ‍ॅट्रिक्स पॉटरच्या १९०५ च्या गोष्टीतली मिसेस टिगी-विंकल ही हेजहॉग याच डोंगरात राहते, म्हणून मुलांना तो ओळखीचा वाटतो. केझिकहून डरवेंटवॉटर तळ्यातल्या लाँचने त्याच्या पायथ्याशी उतरायचं, हा प्रवासही छान आहे. तरीसुद्धा अगदी लहान मुलांना घेऊन तिथे जायचं मी सुचवणार नाही. माथ्याखाली काही ठिकाणी हातांचा आधार घेऊन कातळ चढावा लागतो, आणि उतरताना तोच कातळ जास्त त्रास देतो. सात-आठ वर्षांच्या सवयीच्या मुलांना मात्र तो फार आवडेल.

सह्याद्रीत चालणाऱ्याला इंग्लंडच्या डोंगरात खरी नवी असते ती हवा. उंची कमी असली तरी हा मुलूख ५३-५४ अक्षांशांवर आहे. दर दीडशे मीटर चढल्यावर तापमान साधारण एक अंश उतरतं आणि उघड्या धारेवरचा वारा ते आणखी बोचरं करतो. जुलैतही मुलांच्या सॅकमध्ये टोपी, एक लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि पाणी आत न येणारं जाकीट असायलाच हवं. सुती कपडे आणि जीन्स टाळावी. भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेते. चालणारं मूल गरम असतं, पाठीवरच्या कॅरियरमध्ये बसलेलं मूल मात्र हालचाल नसल्याने गारठत जातं, हे आईवडिलांच्या लवकर लक्षात येत नाही. स्वतः घामाघूम झालेल्या बाबांनी मागच्या चिमुकल्या हातांना मधूनमधून हात लावून बघावा. डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात सकाळी निघून दुपारी दोनपर्यंत खाली यावं. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, घाई कसलीच नाही.

गाईंना घाबरायचं कारण नसतं, पण वासरू बरोबर असलेल्या गाईपासून लांबूनच जावं आणि दोघांच्या मध्ये कधीही येऊ नये. तिथे माणसं जखमी होतात ती बहुधा कुत्रा बरोबर असताना. गाय अंगावर आली तर कुत्र्याची दोरी सोडून द्यायची. तो पळून जातो आणि गाय त्याच्या मागे लागते. मोकळ्या डोंगरावर १ मार्च ते ३१ जुलैपर्यंत कुत्रा दोरीला बांधलेला असणं कायद्यानेच सक्तीचं आहे, कारण जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा तो विणीचा हंगाम असतो. पीक डिस्ट्रिक्टच्या पठारांवर डोंगरी ससेही आहेत, इंग्लंडमध्ये फक्त इथेच. हिवाळ्यात त्यांची फर पांढरी होते आणि बर्फ पडलं नसेल तर ते काळ्या जमिनीवर लांबून उठून दिसतात.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक शिट्टी अडकवावी आणि तिचा उपयोग आधी शिकवून ठेवावा. मदत हवी असेल तर एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तरादाखल तीन शिट्ट्या ऐकू येतात. फोन लागत असेल तर ९९९ फिरवून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. येणारी माणसं पगारी नसतात. शिक्षक, सुतार, डॉक्टर, दुकानदार असे जवळच्या गावातले स्वयंसेवक हातातलं काम टाकून येतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. त्यांच्या पथकांच्या देणगीपेट्या तिथल्या चहाच्या दुकानांत आणि पबांत ठेवलेल्या असतात.

मँचेस्टर किंवा शेफील्डमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला या सगळ्यासाठी गाडीची गरजही नाही. या दोन शहरांना जोडणारी होप व्हॅलीची रेल्वे एडेलला थांबते, मँचेस्टरहून सुमारे पाऊण तासात. स्टेशनातून बाहेर पडून रस्त्याने थोडं चाललं की पिवळ्या बाणाची वाट सुरू होते. डब्यात दशम्या आणि चटणी घ्यावी, थर्मासमध्ये चहा. परतीच्या गाडीची वेळ निघण्याआधीच कागदावर लिहून घ्यावी, कारण रविवारी गाड्या कमी असतात.